अखेरच्या निकालानंतर

दिवाणी न्यायाधीशाचा निकाल चुकला तर जिल्हा न्यायाधीश तो दुरुस्त करतो, जिल्हा न्यायाधीशाची चूक उच्च न्यायालय दाखवून देते, आणि उच्च न्यायालयाचे म्हणणे पक्षकाराला पटले नाही तर पदरमोड करून, प्रसंगी जमीन गहाण टाकून का होईना, तो दिल्लीची वाट धरतो. परंतु दिल्लीतही अपील फेटाळले गेले म्हणजे त्याच्यापुढे जावयाचे असे दुसरे ठिकाण उरत नाही. पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो हे खरे, पण तो अर्जही त्याच न्यायालयाकडे आणि शक्यतो त्याच न्यायमूर्तींकडे जातो, आणि आपलीच तजवीज आपणच चुकीची ठरविण्याइतके निर्मम मन ही मनुष्यजातीत नेहमी आढळणारी गोष्ट नव्हे. शिवाय राज्यघटनेच्या १४१व्या अनुच्छेदाने सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातील इतर सर्व न्यायालयांवर बंधनकारक केलेला असल्यामुळे, खालच्या न्यायालयाची चूक ही दोन पक्षकारांपुरती आपत्ती राहते, तर या न्यायालयाची चूक पुढच्या निकालापर्यंत सबंध देशाचा कायदा होऊन बसते. अशा न्यायालयाच्या निकालांची परीक्षा करावयाची कोणी, हा प्रश्न १९५० च्या जानेवारीत ते अस्तित्वात आले त्या दिवशीच उपस्थित झाला होता. आणि घटनेत त्याचे उत्तर लिहिलेले नसल्यामुळे, वृत्तपत्रे, वकीलवर्ग, कायद्याचे अध्यापक आणि अधूनमधून रस्त्यावर उतरलेले सामान्य नागरिक यांनी ते आपापल्या परीने देण्याचा प्रयत्न केला आहे.

न्यायालयावरील टीकेची गोष्ट निघाली की न्यायालयाच्या बेअदबीची गोष्ट ओघानेच येते. ही कल्पना इंग्रजांनी आणली आणि तिची वंशावळ मोठी विलक्षण आहे. १७६५ साली लंडनच्या जॉन आल्मन नावाच्या पुस्तकविक्रेत्याने सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यावर टीका करणारे एक चोपडे छापले, त्यावरून त्याच्यावर कारवाई सुरू झाली, आणि न्यायमूर्ती विल्मट यांनी न्यायाधीशाच्या निंदेने राजाच्याच न्यायदानाची निंदा होते अशा आशयाचा सविस्तर निकाल लिहूनही ठेवला. पण काही तांत्रिक दोषामुळे खटला पुढे चाललाच नाही व तो निकाल दप्तरातच राहिला. विल्मट यांच्या पश्चात त्यांच्या पुत्राने १८०२ साली तो प्रसिद्ध केला, आणि भर न्यायालयात कधीही न वाचला गेलेला हा कागद पुढे साम्राज्यभर प्रमाण म्हणून उद्धृत होऊ लागला. १८९९ साली प्रिव्ही कौन्सिलने सांगून टाकले की इंग्लंडात असल्या कारवाया आता कालबाह्य झाल्या आहेत, मात्र गौरेतर प्रजेच्या छोट्या वसाहतींत त्यांची जरुरी भासू शकेल. आपली गणना कोणत्या सदरात होत होती हे सांगणे नलगे. लोकमान्यांना १९०८ साली शिक्षा झाल्यानंतर ‘मराठा’ पत्रातील लेखाबद्दल नरसिंह चिंतामण केळकरांना याच आरोपाखाली तुरुंगात जावे लागले. आणि अहमदाबादच्या जिल्हा न्यायाधीशाचे एक पत्र ‘यंग इंडिया’त छापल्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने १९२० च्या मार्चमध्ये गांधीजींना व महादेवभाई देसाईंना कडक समज दिली, कारण माफी मागावयास गांधीजी तयार नव्हते.

स्वराज्य आले, परंतु ही कलमे गेली नाहीत. घटनेच्या १२९व्या अनुच्छेदाने सर्वोच्च न्यायालयाला बेअदबीबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार दिला, १९व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाने भाषणस्वातंत्र्याला या कारणास्तव मर्यादा घालण्यास मुभा ठेवली, आणि १२१व्या अनुच्छेदाने तर, न्यायाधीशाला पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव असल्याखेरीज त्याच्या वर्तनाची चर्चा संसदेतही करावयाची नाही असे बंधन घातले. १९७१ च्या अधिनियमाने निकालाच्या गुणदोषांवरील प्रामाणिक टीका ही बेअदबी नव्हे असे स्पष्ट केले खरे, पण केलेला आरोप सत्य आहे हा बचाव कायद्याने मान्य व्हावयास २००६ साल उजाडावे लागले. ज्या इंग्लंडातून ही कल्पना आली त्या इंग्लंडने २०१३ साली न्यायालयाच्या निंदेचा हा गुन्हाच रद्द करून टाकला. आपल्याकडे तो अद्याप कायम आहे.

असे असले तरी या अधिकाराचा वापर कसा करावा याविषयी एक शहाणपणाची परंपरा आपल्या न्यायमूर्तींत प्रारंभापासून आहे, आणि तिच्या मुळाशी एक महाराष्ट्रीय नाव आहे. साताऱ्यात, संस्कृत पंडितांच्या घरात जन्मलेले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर १९६४ साली सरन्यायाधीश असताना उत्तर प्रदेश विधानसभा आणि अलाहाबाद उच्च न्यायालय यांच्यातील अधिकाराचा तंटा राष्ट्रपतींनी अभिप्रायार्थ सर्वोच्च न्यायालयाकडे पाठविला. त्या अभिप्रायाच्या अखेरीस गजेंद्रगडकरांनी विधिमंडळ आणि न्यायालय या दोघांनाही उद्देशून असे सुचविले की बेअदबीची शक्ती फार जपून व विवेकाने वापरावयाची असते, आणि रागाच्या भरात वा चिडून तिचा वारंवार वापर केल्याने न्यायालयाची प्रतिष्ठा राखली न जाता उलट तिला बाध येण्याचाच संभव असतो. ज्या घरात पूर्वपक्ष जितका प्रबळ मांडावा तितका सिद्धांत पक्का होतो ही शास्त्रार्थाची रीत नित्य कानांवर पडत असली पाहिजे, त्या घरातल्या न्यायाधीशाने हे लिहावे यात मला नवल वाटत नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहूनही नेटकेपणे मांडून मग त्याचे खंडन करावयाचे ही जी आपल्या मीमांसकांची आणि वेदान्त्यांची पद्धत, तीच न्यायालयाच्या टीकेलाही लागू पडते. आणि पुढे ज्या दोन टीकांचा मी विस्ताराने उल्लेख करणार आहे त्या या कसोटीला पूर्णपणे उतरतात.

न्यायालयाने स्वतः जी रेषा आखली ती थोडक्यात अशी: निकालावर बोला, निकाल देणाऱ्याच्या हेतूवर बोलू नका. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने १९५२ च्या ऑक्टोबरात वकिलांच्या व्यवसायहक्काविषयीच्या एका निकालावर अग्रलेख लिहिला तेव्हाही न्यायालयाचा आक्षेप निकालावरील टीकेला नसून न्यायमूर्तींना अवांतर हेतू चिकटविण्याला होता, आणि माफी स्वीकारून ते प्रकरण मिटविण्यात आले. रेषा कागदावर स्वच्छ दिसते. व्यवहारात ती तितकी स्वच्छ राहिली नाही. केरळचे मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबूद्रिपाद यांनी १९६७ च्या नोव्हेंबरात पत्रकारांशी बोलताना न्यायसंस्था ही वर्गीय हितसंबंधांनी बांधलेली दडपशाहीची साधनसंस्था असून न्यायाधीश श्रीमंतांकडे झुकतात अशा आशयाचे विधान केले. त्यात कोणा एका न्यायमूर्तीचे नाव नव्हते, कोणत्या एका निकालाचा निर्देश नव्हता. ते मार्क्सवादी सिद्धांताचे एक सर्वसामान्य निरूपण होते, चूक म्हणा की बरोबर म्हणा. केरळ उच्च न्यायालयाने त्यांना १००० रुपये दंड केला. अपिलात सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी १९७० साली तो दंड ५० रुपयांवर आणला, परंतु दोष कायम ठेवला, आणि तो कायम ठेवताना मार्क्स व एंगल्स यांच्या ग्रंथांचा परामर्श घेऊन, नंबूद्रिपादांना ते नीट समजलेले नाहीत असेही दाखवून दिले. हिदायतुल्लांची विद्वत्ता निर्विवाद होती. परंतु मुख्यमंत्र्याला मार्क्स कळला की नाही याची तपासणी हे न्यायालयाचे काम होते काय, असा प्रश्न त्या निकालाचा वाचक आजही विचारील. उलट १९८७ साली केंद्रीय कायदामंत्री पी. शिवशंकर यांनी, जे स्वतः एकेकाळी उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते, हैदराबादच्या भाषणात सर्वोच्च न्यायालय धनिकांचे आश्रयस्थान झाल्याची जवळजवळ तशीच, किंबहुना अधिक झणझणीत भाषा वापरली, आणि पुढच्याच वर्षी न्यायालयाने ती सोडून दिली. दरम्यानच्या जवळजवळ १८ वर्षांत न्यायालय अधिक उदार झाले असे यावरून म्हणावे, की वक्त्याचे स्थान बदलले म्हणून निकाल बदलला असे म्हणावे, याविषयी मतभेद होतील. मला पहिले मत स्वीकारावेसे वाटते, पण फार आग्रहाने नव्हे.

हे सर्व मात्र काहीसे वरवरचे युद्ध होते. न्यायालयावरील टीकेची खरी कसोटी आणीबाणीने लावली. विनाचौकशी स्थानबद्ध केलेल्या नागरिकाला निदान आपली स्थानबद्धता कायद्याला धरून आहे की नाही एवढे तरी न्यायालयाला विचारता येते, असे देशातील ९ उच्च न्यायालयांनी ठरविले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ अशा बहुमताने ते सारे निकाल रद्द केले. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना, एखाद्या अंमलदाराने कोणाला बेकायदेशीरपणे ठार मारले तरीही न्यायालयाला काही करता येणार नाही काय असे विचारले, तेव्हा सरकारच्या म्हणण्याप्रमाणे तसेच आहे असे उत्तर त्यांना मिळाले. आणि ते उत्तर ऐकल्यानंतरही चार न्यायमूर्तींनी सरकारचे म्हणणे मान्य केले. एकट्या खन्नांनी भिन्न मत दिले, आणि पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून एम. एच. बेग यांना सरन्यायाधीशपद देण्यात आले तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. बेग यांनी आपल्या निकालात स्थानबद्धांची सरकार जवळजवळ मातेच्या मायेने काळजी घेत असल्याचा उल्लेख केला होता. त्या मायेचा अनुभव घेऊन तुरुंगातून बाहेर आलेल्यांनी तो उल्लेख विसरू नये हे स्वाभाविकच होते.

आणीबाणी उठल्यावर या निकालावर जी झोड उठली तिच्यात दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. एक प्रवाह व्यक्तींच्या संबंधीचा होता. बेग यांच्यानंतर सेवाज्येष्ठतेने यशवंत विष्णू चंद्रचूड सरन्यायाधीश व्हावयाचे होते, आणि ते बहुमतातील चौघांपैकी एक असल्यामुळे मुंबईच्या नामांकित कायदेपंडितांनी त्यांच्या नेमणुकीला जाहीर विरोध केला. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईच्या वकिलीत नावारूपास आलेल्या आणि मुंबईच्याच उच्च न्यायालयात न्यायाधीश झालेल्या माणसाला त्याच्याच बारने असा विरोध करावा ही गोष्ट साधी नव्हती. सरकारने ज्येष्ठतेचा नियम मोडला नाही, आणि १९७३ साली तिघा ज्येष्ठांना डावलून जो वाईट पायंडा पडला होता तो पाहता सरकारचे तेच करणे योग्य होते असे मला वाटते. याच सुमारास ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक शामलाल आणि ‘इंडियन एक्स्प्रेस’चे संपादक मुळगावकर यांच्याविरुद्ध बेग यांच्या पुढाकाराने बेअदबीची प्रकरणे सुरू झाली, दोन्ही प्रकरणांत सहकारी न्यायमूर्तींचे बहुमत पुढे जाण्यास तयार झाले नाही, आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तर किरकोळ निंदेकडे न्यायालयाने थोरपणाने कानाडोळा करावा अशी मार्गदर्शक सूत्रेच लिहून ठेवली.

दुसरा प्रवाह ग्रंथाचा होता, आणि तोच टिकला. १९५७ पासून १९७४ पर्यंत प्रथम मुंबई व मग महाराष्ट्र राज्याचे महाधिवक्ता राहिलेले होमी सीरवाई यांनी १९७८ साली केवळ या एका खटल्यावर आणि आणीबाणीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. सीरवाईंची रीत अशी की न्यायमूर्तींचा एकेक परिच्छेद समोर घ्यावयाचा, त्यातला युक्तिवाद पुरता उलगडावयाचा, त्याला आधार म्हणून दिलेले जुने निकाल खरोखर तसे सांगतात काय हे मूळ ग्रंथ काढून पाहावयाचे, आणि मग आपला निर्णय द्यावयाचा. तो निर्णय बहुधा इतका कठोर असे की संपादकाने तो लिहिला असता तर कदाचित नोटीस आली असती. सीरवाईंना ती आली नाही. त्यांच्या नि:पक्षपातीपणाचे गमक मला दुसऱ्याच एका गोष्टीत दिसते: १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात केरळ सरकारची बाजू मांडताना त्यांनी घटनेच्या मूलभूत चौकटीच्या सिद्धांताला कसून विरोध केला होता, आणि आणीबाणीचा अनुभव घेतल्यावर राज्यघटनेवरील आपल्या मोठ्या ग्रंथाच्या पुढील आवृत्तीत त्यांनी तो सिद्धांत स्वीकारला. ज्याला न्यायालयाच्या चुका मोजावयाच्या आहेत त्याने आपले मत बदलण्याची अशी तयारी ठेवली तर त्याच्या मापाला किंमत येते.

१९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही २०व्या आणि २१व्या अनुच्छेदांतील हक्क तहकूब करता येणार नाहीत अशी तरतूद केली, म्हणजे निकालाचा परिणाम संसदेने पुसून टाकला. बहुमतातील चौघांपैकी न्यायमूर्ती भगवतींनी २०११ साली आपल्या मताबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्काविषयीच्या खटल्यात ९ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा निकाल चुकीचा ठरविला, तेव्हा ते शब्द लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे चिरंजीव होते. वर्तमानपत्रांना या योगायोगाचे फार कौतुक वाटले. मला त्याहून अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की त्या मधल्या ४१ वर्षांत कायद्याच्या वर्गांतून तो निकाल चुकीचा म्हणूनच शिकविला जात होता.

आता ज्या टीकेकडे मी वळतो ती यशवंतराव चंद्रचूडांच्या नावे, ते सरन्यायाधीश झाल्यावर, लिहिली गेली. १९७२ च्या मार्चमध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १४ ते १६ वर्षे वयाच्या एका आदिवासी मजूर मुलीला, तिच्या भावाने दिलेल्या फिर्यादीच्या संदर्भात, रात्रीच्या वेळी जबानीसाठी आणले गेले. जबान्या झाल्यावर बाकीच्यांना बाहेर जावयास सांगून तिला आत थांबविण्यात आले, आणि शिपायाने आपल्यावर बलात्कार केला व हवालदाराने अतिप्रसंगाचा प्रयत्न केला असे तिने बाहेर आल्यावर सांगितले. सत्र न्यायालयाने दोघांना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली, भीतीपोटी निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे असे सांगून, त्यांना शिक्षा दिली. आणि १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, तेव्हा जे घडले ते तिच्या संमतीनेच घडले असे धरून, दोघांनाही निर्दोष सोडले. या मुलीचे नाव कायद्याच्या पुस्तकांतून सर्रास छापलेले आढळते. मी ते येथे लिहीत नाही, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

एक वर्ष तो निकाल इतर हजारो निकालांप्रमाणे ग्रंथांत पडून होता. मग १६ सप्टेंबर १९७९ रोजी कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना एक अनावृत पत्र लिहिले: दिल्ली विद्यापीठातील उपेंद्र बक्षी आणि लतिका सरकार, आणि पुण्यातील वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर. पत्र लहानच आहे, पण त्याची रचना पाहण्यासारखी आहे. न्यायमूर्तींच्या हेतूंविषयी त्यात कोठे संशय नाही. जे आहे ते निकालाच्या तर्काचे शवविच्छेदन. संमतीत शरण जाणे येते, पण शरण जाण्यात संमती येतेच असे नाही, हा कायद्याचा प्राथमिक भेद उच्च न्यायालयाला दिसला आणि सर्वोच्च न्यायालयाला दिसला नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा. रात्रीची वेळ, पोलीस ठाण्याची बंद दारे, सरकारी अंमल हाती असलेले दोन पुरुष आणि समोर कोवळ्या वयाची गरीब मुलगी, या परिस्थितीत प्रतिकार केला नाही याचा अर्थ काय लावावयाचा, असे ते विचारतात. निकालाच्याच वर्षी, १९७८ च्या एप्रिलमध्ये, नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात याच न्यायालयाने स्त्रीला ठाण्यावर बोलावण्यास सक्त हरकत घेतली होती, मग एका माजी मुख्यमंत्रिणीला मिळालेले ते संरक्षण देसाईगंजच्या मुलीच्या वेळी निषेधाच्या एका वाक्यापुरतेही का आठवले नाही, हा प्रश्न तर उत्तर देण्यास फारच अवघड होता. मुलीच्या पूर्वचारित्र्याला खालच्या न्यायालयापासून जे महत्त्व मिळत गेले त्यावरही पत्रात तीव्र आक्षेप आहे, आणि शेवटी प्रकरण मोठ्या पीठापुढे पुन्हा ऐकावे अशी विनंती आहे.

शास्त्रार्थात ज्याला पूर्वपक्षाचा अनुवाद म्हणतात तो येथे जसाच्या तसा दिसतो: आधी न्यायालयाचे म्हणणे, मग त्याची आधारवाक्ये, मग त्यातील छिद्रे. भाषा मात्र थंड नाही. अध्यापकांचा क्षोभ ओळीओळींतून जाणवतो, आणि तो लपविण्याचा त्यांनी प्रयत्नही केलेला नाही. विद्वत्तापूर्ण टीका म्हणजे रक्तहीन टीका असा जो एक समज आपल्याकडे रूढ आहे तो या पत्रापुढे टिकत नाही. बेअदबीची नोटीस कोणी काढली नाही. वृत्तपत्रांनी पत्राची दखल घेतली, मुंबईत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला, आणि ८ मार्च १९८० रोजी मुंबई, दिल्ली, नागपूर अशा अनेक शहरांत स्त्रियांनी मोर्चे काढून खटला पुन्हा चालविण्याची मागणी केली. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका फौजदारी निकालाविरुद्ध स्त्रियांनी एकाच दिवशी इतक्या ठिकाणी रस्त्यावर यावे असे त्यापूर्वी घडले नव्हते. त्या मोर्चांतल्या बहुसंख्य स्त्रियांनी मूळ निकाल वाचला नसेल; वाचणाऱ्या चौघांनी तो त्यांच्यासाठी वाचून ठेवला होता.

न्यायालय बधले नाही. पुनर्विलोकनाचा अर्ज नामंजूर झाला. बधली ती संसद. विधी आयोगाने १९८० साली आपला ८४वा अहवाल दिला, आणि १९८३ च्या दुरुस्तीने कायद्यात अनेक बदल केले. पोलीस व इतर सरकारी ताब्यातील बलात्कार हा वेगळा व अधिक गंभीर गुन्हा झाला. अशा खटल्यात संबंध घडल्याचे सिद्ध झाले आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने ते खरे मानून चालावे, असे पुराव्याच्या कायद्यात आले. आणि पीडित स्त्रीची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरला. जिच्या खटल्यामुळे ही तरतूद झाली तिचेच नाव पुस्तकापुस्तकांतून खटल्याचे नाव म्हणून चालत राहावे, ही विसंगती मला नेहमी खटकत आली आहे.

तरीही अध्यापकांचा मूळ मुद्दा १९८३ साली अर्धाच मान्य झाला होता, कारण ते गृहीतक मुख्यतः ताब्यातील स्त्रीपुरते होते. ठाण्याबाहेरच्या स्त्रीला आपण प्रतिकार का केला नाही याचा हिशेब द्यावाच लागे. शरीराने प्रतिकार केला नाही एवढ्याच कारणावरून संमती मानता येणार नाही, हे वाक्य भारतीय दंडसंहितेत आले ते २०१३ च्या दुरुस्तीने, म्हणजे पत्र लिहिले गेल्यानंतर ३४ वर्षांनी. १९७८ चा तो निकाल आणि त्याच्यावरील ते पत्र ही दोन्ही ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ या एकाच निकालमालेच्या १९७९ सालच्या खंडांत आहेत, निकाल दुसऱ्या खंडात आणि पत्र चौथ्या खंडाच्या लेखविभागात, आणि ज्याला पाहावयाचे असेल त्याला कोणत्याही बऱ्या कायदा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ती शेजारीशेजारी सापडतील. शिपाई आणि हवालदार यांची सुटका मात्र कायम राहिली. त्यांच्यापुरता तो निकाल अखेरचाच होता.